सोयीचे पैसे

“आणि हे वरचे तीनशे कसले?” मी अल्ताफला विचारलं.

“सर्व्हिस चार्ज, साहेब.”

“कसली सर्व्हिस केलीस? बसल्या जागी चार बटणं दाबलीस.”

“चार न्हाईत, आतापतूर चाळीस दाबली. तिकीट निघंपतूर मोजत बसा, तुमचा टाइमपास हुईल.”

अल्ताफ मोमीनचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस साताऱ्याच्या एसटी स्टँडासमोर होतं, अजूनही आहे. त्याला मी फार वर्षांपूर्वी मेढ्याच्या गाडीत विनातिकीट पकडून दंड केला होता. तेव्हा तो कॉलेजात होता. ते तो विसरला नव्हता, मीही नव्हतो. त्यामुळे तो मला ‘साहेब’ म्हणायचा तेव्हा त्या शब्दाला एक शेपूट असायचं.

मी एसटीतला माणूस. आधी कंडक्टर म्हणून तिकिटं फाडली, मग तपासनीस होऊन दुसऱ्यांनी फाडलेली बघितली. वाटेत कुठंही गाडी थांबवून आत चढणारा आणि ज्याला बघून अर्धी गाडी खिसे चाचपायला लागते, तो मी. एकतीस वर्षांत तिकिटाबद्दल माझी एक श्रद्धा तयार झाली होती. अमुक इतका रस्ता, तमुक इतकं भाडं, कागद हातात, विषय संपला. तिकीट काढायचे पैसे निराळे आणि तिकिटाचे निराळे, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“आमच्या पोरानं सांगितलंय, कंपनीच्या साइटवर स्वस्त असतं,” मी म्हणालो. पोरगा अहमदाबादला होता. ‘पप्पा, मी इथून काढतो ना,’ असं तो फोनवर म्हणाला होता, आणि फी किती लागते विचारल्यावर त्याने विषय बदलला होता.

“तिथंबी लागतीच. कन्व्हिनियन्स फी.”

“म्हणजे?”

“म्हणजे सोयीचे पैसे. घरबसल्या तुमची सोय झाली न्हवं, त्याचे.”

“मला नको सोय. मी गैरसोय सोसतो. गैरसोयीचे किती कमी होतात ते बघ.”

अल्ताफ खुर्चीत मागे रेलला. “मग लोहगावला जावा. विमानतळावर कंपनीची खिडकी असती. तिथं रोख पैसे देऊन तिकीट काढलं तर एक पैसा जादा लागत न्हाई.”

तो हे माझी थट्टा करायला म्हणाला होता. तीनशे रुपये वाचवायला माणूस साताऱ्याहून पुण्याला जाईल असं त्याला वाटलं नसावं. पण माझ्याकडे निवृत्त कर्मचाऱ्याचा एसटीचा पास होता, आणि रिटायर झालेल्या माणसाचा दिवस फुकटच असतो.

तिकीट माझ्या बायकोचं होतं, कलकत्त्याचं. शनिवारी तिच्या दादाचा फोन आला होता. विष्णूदादा विट्याकडचा, गलाईवाला. त्या भागातली निम्मी गावं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात मुलूखभर पसरलेली आहेत, तसा हाही सोळाव्या वर्षी कलकत्त्याला गेला आणि तिथलाच झाला. आईवडील गेले, मधला एक भाऊ गेला, आता माहेर म्हणजे हा एकटा. त्याची बायपास ठरली होती, शुक्रवारी सकाळी आठ वाजता.

फोन मीच उचलला होता. पलीकडे तो कधी नव्हे इतका हळू बोलत होता. “पाव्हणं, जरा सगूला द्या.” बायकोने फोन कानाला लावला. मला त्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. “सगे, आत न्यायच्या आधी एकदा डोळ्यांपुढं ये. मग काय व्हायचं ते हुंदे.”

तेहेतीस वर्षांत बायकोने माझ्याकडे बऱ्याच गोष्टी मागितल्या होत्या. मिक्सर, माडीवर एक खोली, काशीयात्रा. मी ‘बघू’ म्हणायचो आणि ती समजायची. या वेळी तिने मागितलं नाही.

“मी जाणार,” ती म्हणाली.

रेल्वेचं वेटिंग दोनशेच्या घरात होतं आणि गाडीला दीड दिवस लागत होता. म्हणजे विमान. आमच्या दोघांच्याही घराण्यात तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. दोघांनी जायची गरज नाही, असं मी ठरवलं. दोन तिकिटांचे दुप्पट होतात हे कारण मी सांगितलं नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते कोण भरणार, असं सांगितलं.

सोमवारी पहाटेची गाडी होती. मी पायताण घालत होतो तेव्हा ती चहाचा कप घेऊन दारात आली.

“माझं कार्ड संगं देऊ का? मतदानाचं?”

“ते कशाला? तुझं नाव मला ठावं न्हाई व्हय?”

तिने रिकामा झालेला कप घेतला आणि आत गेली.

स्वारगेटहून सिटी बस, मग दुसरी सिटी बस, मग ‘अहो, विमानतळ कुठंय’ असं विचारत भर उन्हात दीड मैल चाल. रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी त्याला नमस्कार केला होता. खिडकी खरंच होती. काचेच्या पलीकडे कंपनीचा निळा कोट घातलेली मुलगी बसली होती, माझ्या पोराच्या वयाची.

“काउंटरवर फी नाही ना?” मी पहिलं ते विचारून घेतलं.

“नाही काका.”

“सोयीची वगैरे?”

“नाही.”

मग मला गार वाटलं. गुरुवारचं दुपारचं विमान, चार हजार दोनशे नव्वद. मी नोटा मोजून दिल्या.

“पॅसेंजरचं नाव?”

“सौ. शैलजा हिंदुराव फडतरे.”

“आयडीवर असंच आहे ना? नंतर बदलता येत नाही. हे सगळ्यांत स्वस्त भाडं आहे, पैसेही परत मिळत नाहीत.”

“पोरी, तेहेतीस वर्षं बायको आहे माझी.”

ती हसली आणि तिने बटण दाबलं. छापील कागद हातात आला. सगळं इंग्रजी होतं, पण मी तिकिटावरचे आकडे वाचण्यात हयात घालवलेली. आकडा बरोबर होता.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारी एक कराडचा माणूस होता. त्याला विमानाशी काही घेणंदेणं नव्हतं, तरी शिरवळ येईपर्यंत त्याला तीनशे रुपये कसे वाचवायचे हे पाठ झालं होतं. साताऱ्यात उतरल्यावर आधी अल्ताफकडे गेलो आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

“बघ. एक पैसा जादा न्हाई.”

त्याने तो नीट वाचला. “मानलं साहेब. जेवलात कुठं?”

“वडापाव खाल्ले.”

“सिटी बस? चहा? दोन टायमाला?”

“ते काय तिकिटाचे न्हवंत,” मी म्हणालो आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. अल्ताफने हात जोडले.

घरी बायकोने कागद उलटसुलट करून बघितला. ती सातवी शिकलेली, पण मराठीत. “ह्याच्यात माझं नाव कुठंय?” तिने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि कागद देवाजवळ ठेवला.

गुरुवारी ती इरकली नेसली. पिशवीत दोन साड्या आणि एक स्टीलचा डबा, त्यात दादासाठी तिळाचे लाडू. डॉक्टर त्याला ते खाऊ देणार नाहीत असं मी म्हणालो, तर म्हणाली, “खायाला न्हाई, वास घ्यायला.” गाडीत ती खिडकीशी बसली होती. खंबाटकीच्या बोगद्यात तिने मला विचारलं, विमानात खिडकी उघडती का. मी तज्ज्ञाच्या थाटात ‘न्हाई’ म्हणालो.

विमानतळाच्या दारात रांग होती. जो तो तिकीट आणि ओळखपत्र हातात धरून उभा, आणि दारावरचा जवान दोन्ही ताडून आत सोडत होता. मला त्याचं काम आवडलं. घाई नाही, कुणाची भीडमुर्वत नाही. मी बायकोला म्हणालोसुद्धा, असा माणूस आमच्या खात्यात पाहिजे होता.

तिची पाळी आली. त्याने तिकीट बघितलं, कार्ड बघितलं, पुन्हा तिकीट बघितलं.

“सगुणा कोण?”

“मी,” बायको म्हणाली.

“मग शैलजा कोण?”

“तीबी मीच.”

“बाजूला या.” जवान बोलण्यावरून लातूरकडचा वाटत होता. त्याने दोन्ही कागद माझ्या हातात दिले. “काका, तिकिटावर एक नाव आणि कार्डावर दुसरंच. असं नाही सोडता येत.”

मी हसलो. काहीतरी घोटाळा असणार, मतदार यादीवाले काय वाटेल ते लिहितात. मी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. फोटो बायकोचाच होता, सोळा वर्षांनी तरुण. खाली स्वच्छ लिहिलं होतं: सगुणा हिंदुराव फडतरे. या सोळा वर्षांत हे कार्ड मी पहिल्यांदा हातात घेतलं होतं.

“हे कुणी लिहिलं?”

“मास्तर आलेला घरी नावं लिहायला. तुम्ही वडूज डेपोला हुता तवा.”

“आणि त्याला हे नाव कुणी सांगितलं?”

“त्यानं इचारलं, बाई, तुमचं नाव काय? मला तवर कुणी तसं इचारलंच नव्हतं. तोंडाला आलं ते सांगितलं.”

“अगं पण एवढ्या निवडणुका झाल्या!”

“दर खेपेला त्याच नावानं मत देती की मी. तुमची तर दर विलेक्शनला ड्यूटी.”

ते खरं होतं. निवडणूक आली की मतदानाच्या पेट्या न्यायला एसटीच्या गाड्या लागायच्या आणि गाड्यांबरोबर मी लागायचो. मतदान केंद्रावर बायको रांगेत उभी आहे, मास्तरने मोठ्याने ‘सगुणा हिंदुराव फडतरे’ म्हटलंय, आणि ती ‘मी हाय’ म्हणत पुढे झालीय, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

“मी इचारलं हुतं तुमाला,” ती म्हणाली. “कार्ड न्यायचं का म्हणून.”

मी जवानाकडे वळलो. मी कोण, माझी किती वर्षं नोकरी झाली, कितीजणांना मी पकडलं हे सगळं त्याला सांगितलं. लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळात अंगठीने नवीन नाव लिहितात, हे तुला काय वेगळं सांगायला पाहिजे का, असं विचारलं. घरी रेशनकार्ड आहे, त्यावर शैलजा आहे. गॅसच्या पुस्तकावर शैलजा आहे. आमच्या घरच्या पातेल्यांवर शैलजा आहे.

“पातेलं आणलंय का?” जवानाने विचारलं.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तो मात्र हसत नव्हता. “काका, तुम्हीच सांगा. तुमच्या गाडीत कुणी दुसऱ्याच्या पासावर बसला तर तुम्ही सोडलं असतं का?”

नसतं सोडलं. नवऱ्याच्या पासावर बसलेली एक बाई मी एकदा पुसेगावला भर पावसात उतरवली होती. हे मी त्याला सांगितलं नाही.

आम्ही खिडकीवर गेलो. तीच मुलगी होती, तिने मला ओळखलं. “काका, मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. त्या दिवशी मला हे वाक्य बायका का ऐकवत होत्या कोण जाणे.

“नाव तेवढं बदलून दे.”

“या भाड्यात नाव बदलता येत नाही. हे तिकीट गेलं असंच समजा. नवीन काढावं लागेल.”

“आमच्या एसटीत तिकिटाला नावच नसतं,” मी म्हणालो.

“विमानात असतं, काका. याच विमानाला जागा आहे. आजचा दर अकरा हजार सहाशे चाळीस.”

मी ऐकलं आणि खिडकीची कड धरली.

“उद्याचं आहे का?”

“उद्या दुपारी आहे. पाच हजार शंभर.”

उद्या सकाळी आठला विष्णूदादाला आत नेणार होते. ते मला माहीत होतं. माझ्या शेजारी त्याची बहीण डबा छातीशी धरून उभी होती, हेही माहीत होतं. तरी मी वजाबाकी केली. साडेसहा हजारांचा फरक. ऑपरेशननंतर तरी माणूस भेटतोच की, उलट आधी भेटून त्याला दगदग, असं मनात सगळं जुळवायला लागलो. खोटं कशाला बोलू, मिनिटभर तरी मी तो विचार केला.

“काका, लवकर सांगा,” मुलगी म्हणाली. “चेक-इन बंद व्हायला पन्नास मिनिटं आहेत.”

बायको रडत नव्हती. ती काचेवर चिकटवलेल्या विमानाच्या चित्राकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, “एक इचारू?”

“विचार.”

“शैलजा हे नाव कुठनं काढलंवतं तुम्ही?”

ही काय वेळ होती विचारायची! पण प्रश्न तिने केला होता आणि तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच केला होता. मला थाप मारता आली असती. पार्वतीचं नाव आहे, मला आवडायचं, असं काहीही.

“मी नवीन लागलो होतो,” मी म्हणालो. “आमच्या डेपो मॅनेजरच्या बायकोचं नाव होतं ते.”

“म्हंजे?”

“साहेब लग्नाला येणार होते. आपल्या बायकोचं नाव ठेवलेलं बघून खूश होतील, जवळपासची ड्यूटी देतील, असं वाटलं.”

“मग झालं का खूश?”

“आलेच न्हाईत. त्यांच्या म्हशीला रेडकू झालं त्या दिवशी.”

ती बघतच राहिली माझ्याकडे. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून मी हात पुढे केला, तर ती हसत होती. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. खिडकीतली मुलगीही हसायला लागली. मीही हसून घेतलं असतं, पण मला जमेना.

“रेडकू!” ती डोळे पुसत म्हणाली. “मला वाटायचं, काय इचार करून ठिवलं आसंल. म्हंजे तुमच्या सोयीचं नाव हुतं व्हय.”

एवढंच म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं.

मी एटीएमकडे गेलो. माझ्या बँकेचं नव्हतं, आणि त्या महिन्यात फुकट पैसे काढायच्या खेपा संपलेल्या होत्या, त्यामुळे वीस रुपये कापल्याची चिठ्ठी आली. मी ती चिठ्ठी फाडून टाकली. परत आलो, पैसे खिडकीतून आत सरकवले.

“पॅसेंजरचं नाव?” मुलीने विचारलं.

मी तोंड उघडलं. बायकोने माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला बाजूला केलं. खिडकीशी वाकून ती नीट, सावकाश म्हणाली, “सगुणा हिंदुराव फडतरे.”

“स्पेलिंग?”

ते आम्हा दोघांनाही येत नव्हतं. मुलीने कार्ड बघून लिहिलं. मग तिकीट देताना मला म्हणाली, “काउंटरवर फी नाही लागली हं, काका.” तिने ते माझी समजूत घालायला म्हटलं होतं, पण माझा चेहरा बघून तिने लगेच पुढच्या माणसाला बोलावलं.

जवानाने या वेळी एकदाच बघितलं. कार्ड परत देत म्हणाला, “जा, सगुणाताई. पहिलीच वेळ का? घाबरू नका.”

“न्हाई घाबरत,” ती म्हणाली. दारातून आत गेली, चार पावलं गेली आणि परत वळली. मी काचेला चिकटलो. निरोपाचं काहीतरी असेल असं मला वाटलं.

“उद्या पाणी येतंय,” ती आतून ओरडली. “हंडे घासून भरा!”

रात्री कलकत्त्याहून फोन आला. दादाचा आवाज बारीक होता, पण चेष्टेचा होता. “पाव्हणं, सगू आली. लाडवाचा वासबी घेतला. आन् काय वो, म्हस कुणाची हुती?” म्हणजे जेमतेम तासाभरात बहिणीने सगळं सांगितलं होतं. मागून तिचं हसणं ऐकू येत होतं. असं हसताना ती लहानपणी कशी दिसत असेल, हे मी त्या दिवसापर्यंत कधी मनात आणलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. दादा पुढे सात वर्षं जगला आणि भेटला की मला ‘साहेब आलं का वो लग्नाला?’ असं विचारायचा.

ती तीन आठवडे राहिली. परतीचं तिकीट काढायला मी अल्ताफकडे गेलो. मला बघून त्याने दुसरी खुर्ची पुढे ओढली.

“आज लोहगाव न्हाई?”

“न्हाई. काढ इथूनच. कलकत्ता ते पुणे.”

“नाव?”

“सगुणा हिंदुराव फडतरे.”

त्याची बोटं थांबली. त्याने दाराकडे बघितलं, बाहेर कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवला. “साहेब… ही कोण?”

“बायको.”

“आन् शैलजावयनी?”

“तीच.”

त्याला काही कळलं नाही, पण धंद्याचा माणूस, अधिक खोलात गेला नाही. बटणं दाबत राहिला. मी या वेळी मोजली नाहीत. “सर्व्हिस चार्ज तीनशे,” तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेच, “तुमच्यासाठी दोनशे, साहेब.”

“तीनशेच घे,” मी म्हणालो.

तिला आणायला विमानतळावर गेलो तेव्हा बाहेर येणाऱ्यांच्या दारापाशी ही गर्दी होती. हातात नावांच्या पाट्या, फुलं. घरात मी बायकोला ‘अगं’ म्हणतो, सगळेच म्हणतात. पण तिथे ‘अगं’ म्हणून ओरडलो असतो तर पन्नास बायकांनी वळून बघितलं असतं. शैलजा म्हणायचं नव्हतं. म्हणून साताऱ्यापासून स्वारगेटपर्यंत गाडीत मनातल्या मनात दुसऱ्या नावाचा सराव केला होता. सोपं नाव, तीन अक्षरं, पण जिभेला सवय नव्हती.

ती दिसली. तीच इरकली, रिकामा डबा पिशवीतून वर आलेला, कलकत्त्याचं पाणी मानवलेलं. मी टाचा उंचावल्या आणि मोठ्याने हाक मारली.

“सगुणा!”

ती थांबली. तिचा चेहरा असा काही फुलला की तसा मी लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलेला नाही. आणि तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागे बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, गर्दीतले चेहरे एकेक करून न्याहाळले. माहेरचं कोण आलंय, ते ती शोधत होती.

मी हात वर केला.